दाब आणि तापमान : बंद भांडे आणि मोकळे आकाश

हवेचा दाब आणि तिचे तापमान यांच्या नात्याबद्दल शालेय पाठ्यपुस्तकांत दोन विधाने आढळतात, आणि ती शेजारी शेजारी ठेवली तर एकमेकांना छेद देणारी वाटतात. पदार्थविज्ञानाचे पुस्तक सांगते की हवा तापवली की तिचा दाब वाढतो. भूगोलाचे पुस्तक सांगते की ज्या प्रदेशात हवा तापते तेथे कमी दाबाचे क्षेत्र तयार होते आणि जेथे ती थंड होते तेथे दाब जास्त राहतो. दोन्ही विधाने खरी आहेत आणि दोन्हींना दीर्घकाळच्या प्रयोगांचा व निरीक्षणांचा आधार आहे. परंतु पहिले विधान बंद भांड्यात कोंडलेल्या हवेविषयी आहे, तर दुसरे डोक्यावर मोकळे आकाश असलेल्या हवेविषयी. हवेला पसरायला वाव आहे की नाही, हा प्रश्न आधी विचारला की हा विरोध मावळतो, आणि गाडीच्या टायरपासून मोसमी वाऱ्यांपर्यंतच्या अनेक गोष्टींचा उलगडा एकाच सूत्राच्या आधारे करता येतो. ते सूत्र कसे हाती आले, ते मोकळ्या हवेला कसे लावायचे आणि ते कोठे अपुरे पडते, याचा विचार या प्रकरणात केला आहे.

दाब म्हणजे काय

एखाद्या पृष्ठभागाच्या एकक क्षेत्रफळावर लंब दिशेने जेवढे बल पडते त्याला दाब म्हणतात. समुद्रसपाटीवरील एक चौरस मीटर जागेच्या डोक्यावर, वातावरणाच्या वरच्या सीमेपर्यंत, सुमारे दहा हजार किलोग्रॅम हवा असते, आणि तिच्या वजनामुळे त्या जागेवर जो दाब पडतो तो सरासरीने १०१३.२५ हेक्टोपास्कल मानला जातो. हेक्टोपास्कल हे हवामानशास्त्रातील रूढ एकक असून जुन्या पुस्तकांतील मिलिबार आणि हे एकक तंतोतंत सारखे आहेत. एवढ्या दाबाखाली माणूस चिरडला जात नाही, कारण हवेचा दाब सर्व दिशांनी सारखाच असतो आणि शरीरातील द्रव व वायू तेवढ्याच दाबाने बाहेर रेटत असतात.

हवेला वजन आहे आणि त्या वजनामुळे दाब निर्माण होतो, ही गोष्ट सतराव्या शतकाच्या मध्यावर प्रयोगाने सिद्ध झाली. इटलीतील एव्हांजेलिस्ता टॉरिचेली याने १६४३-४४ च्या सुमारास एका टोकाला बंद असलेली काचेची नळी पाऱ्याने भरून, पाऱ्याच्याच भांड्यात उलटी उभी करण्याचा प्रयोग मांडला. नळीतील पारा थोडा खाली उतरून सुमारे ७६ सेंटिमीटर उंचीवर थांबला, आणि बाहेरच्या हवेचा दाब हा स्तंभ तोलून धरतो असा अर्थ त्याने लावला. हा अर्थ बरोबर असेल तर उंच जागी, जेथे डोक्यावरची हवा कमी असते तेथे, पारा आणखी खाली उतरला पाहिजे, असे फ्रान्समधील ब्लेझ पास्कल याला वाटले, आणि त्याच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा फ्लोराँ पेरिए याने १९ सप्टेंबर १६४८ रोजी पुई द डोम या डोंगरावर हा प्रयोग केला. पायथ्याच्या क्लेरमाँ गावातील एका मठाच्या बागेत एक नळी ठेवून तिच्यावर दिवसभर लक्ष ठेवण्याचे काम एका धर्मगुरूवर सोपवले होते. दुसरी नळी माथ्यावर नेण्यात आली. खालच्या नळीतील पारा दिवसभर एकाच खुणेवर राहिला, तर सुमारे हजार मीटर उंच माथ्यावर तो साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास उतरला. खाली राहिलेल्या नळीमुळे या प्रयोगाला खरे वजन आले, कारण त्या दिवशी हवामान बदलल्यामुळे पारा उतरला असावा ही शंका घ्यायला जागाच उरली नाही.

दाबाकडे पाहण्याची दुसरी रीत याहून सूक्ष्म आहे. वायू म्हणजे सतत इकडून तिकडे धावणाऱ्या असंख्य कणांचा समुदाय होय आणि भांड्याच्या भिंतींवर या कणांच्या ज्या धडका बसतात त्यांचा एकत्रित परिणाम म्हणजे दाब, अशी मांडणी स्विस गणिती डॅनिएल बर्नूली याने १७३८ मध्ये केली. नेहमीच्या तापमानाला हवेतील नायट्रोजनचे रेणू सेकंदाला सुमारे ५०० मीटर या वेगाने धावत असतात, आणि वायूचे तापमान म्हणजे या धावपळीतील सरासरी गतिज ऊर्जेचे माप असते. तापमान वाढले की रेणूंचा वेग वाढतो, धडका अधिक जोराने आणि अधिक वेळा बसतात, आणि म्हणून दाबही वाढू लागतो. मात्र धडकांची संख्या वेगाइतकीच गर्दीवरही अवलंबून असते; रेणूंना पांगायला जागा मिळाली तर प्रत्येक धडक जोराची असूनही एकूण दाब वाढत नाही. मोकळ्या हवेचे वर्तन समजून घेताना ही गोष्ट फार उपयोगी पडते.

बंद भांड्यातील नियम

तापमान कायम ठेवून ठराविक वायूचे आकारमान निम्मे केले की त्याचा दाब दुप्पट होतो, हा नियम रॉबर्ट बॉइल याने १६६२ मध्ये प्रसिद्ध केला. आकारमान कायम ठेवून तापमान बदलले तर काय होते, याचा पद्धतशीर शोध ग्वीयोम आमोंताँ या फ्रेंच संशोधकाने अठराव्या शतकाच्या अगदी आरंभी घेतला. कोंडलेली हवा नेहमीच्या तापमानापासून उकळत्या पाण्याच्या तापमानापर्यंत नेली की तिचा दाब सुमारे एक तृतीयांशाने वाढतो, आणि आरंभीचा दाब कितीही असला तरी वाढीचे हे प्रमाण बदलत नाही, असे त्याला आढळले. यातून एक खोल निष्कर्ष निघत होता : हवा थंड करत नेली तर दाब उतरत उतरत एका ठराविक तापमानाला शून्यावर येईल, आणि त्याच्या खाली तापमान असूच शकणार नाही. पुढे जाक शार्ल याने १७८७ च्या सुमारास केलेल्या, पण प्रसिद्ध न केलेल्या प्रयोगांचा उल्लेख करून झोझेफ गे-ल्युसॅक याने १८०२ मध्ये वायूंच्या प्रसरणाचा नियम मांडला, आणि १८४८ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन या नावाने ओळखला गेलेला शास्त्रज्ञ, याने निरपेक्ष तापमानाची कल्पना पक्क्या पायावर उभी केली. या मापनश्रेणीचे शून्य उणे २७३.१५ अंश सेल्सिअसवर आहे.

निरपेक्ष तापमान लक्षात न घेता दाबाचा हिशोब केला की चूक होते. २७ अंश सेल्सिअसची हवा ५४ अंशांपर्यंत तापवली म्हणजे तापमान दुप्पट झाले असे वाटते, परंतु केल्व्हिन मापात ही वाढ ३०० वरून ३२७ एवढीच आहे, आणि बंद भांड्यातील दाबही तेवढ्याच प्रमाणात, म्हणजे शेकडा नऊने, वाढतो. गाडीच्या टायरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. पेट्रोल पंपावर हवा भरताना काटा जो आकडा दाखवतो तो बाहेरच्या हवेच्या दाबाहून टायरमधील दाब किती जास्त आहे, एवढेच सांगतो. सकाळी २५ अंश तापमानाला काट्यावर ३२ पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचास ३२ पौंड, दाब असेल तर टायरमधील खरा दाब बाहेरचे सुमारे १४.७ धरून ४६.७ असतो, दुपारच्या प्रवासात रस्त्याच्या आणि घर्षणाच्या उष्णतेने आतील हवा ६० अंशांवर पोहोचली की तो ५२ च्या पुढे जातो, आणि काटा साडेसदतीसच्या आसपास आकडा दाखवतो. म्हणूनच टायरमधील हवा गाडी गार असताना, प्रवास सुरू करण्यापूर्वी, तपासावी असे उत्पादक सांगतात.

बॉइल, आमोंताँ, शार्ल आणि गे-ल्युसॅक यांचे नियम एकत्र केले की एक छोटे सूत्र मिळते : दाब म्हणजे घनता, निरपेक्ष तापमान आणि त्या वायूचा एक स्थिरांक यांचा गुणाकार. घनता म्हणजे एकक आकारमानात मावलेले वस्तुमान. वर ज्याला रेणूंची गर्दी म्हटले तेच येथे घनतेच्या रूपाने येते. बंद भांड्यात घनता बदलू शकत नाही, म्हणून तापमान वाढले की दाब वाढलाच पाहिजे. भांड्याचे झाकण काढले की मात्र घनतेलाही बदलायची मुभा मिळते, आणि खरी गुंतागुंत तेथून सुरू होते.

मोकळ्या हवेचा स्तंभ

मोकळ्या वातावरणात जमिनीवरचा दाब डोक्यावरच्या हवेच्या वजनाने ठरतो, त्यामुळे तापलेली हवा वर फुगली तरी जोपर्यंत तिच्यातील काही भाग बाजूला निघून जात नाही तोपर्यंत खालचा दाब कमी होण्याचे कारण नाही. हवा तापली, हलकी झाली आणि दाब उतरला, असे जे स्पष्टीकरण अनेकदा दिले जाते, त्यात हा मधला दुवा गळलेला असतो. घनता कमी होते हे खरे, पण स्तंभ तेवढाच उंच होतो आणि एकूण वजन आहे तेवढेच राहते. दाब कमी व्हायचा तर हवा त्या स्तंभातून बाहेर गेली पाहिजे, आणि तिला बाहेर जाण्याची वाट वरच्या थरांतून मिळते.

ही वाट कशी उघडते ते कोकण किनाऱ्यावरच्या खाऱ्या वाऱ्यांच्या उदाहरणात जवळून पाहता येते. उन्हाळ्याच्या दिवशी सकाळी जमिनीवर आणि शेजारच्या समुद्रावर दाब सारखाच आहे असे धरावे. सूर्य वर येतो तशी जमीन झपाट्याने तापते, समुद्राचे पाणी मात्र फारसे तापत नाही, आणि दुपारपर्यंत जमिनीवरील एक किलोमीटर उंचीची हवा समुद्रावरील हवेपेक्षा सरासरी ५ अंशांनी अधिक उष्ण होते. केल्व्हिन मापात हा फरक ३०० मध्ये ५, म्हणजे साठात एक, एवढा आहे. त्यामुळे हा थर सुमारे १७ मीटरने जाड होतो. परिणामी एक किलोमीटर उंचीवर जमिनीच्या बाजूला अजून काही हवा डोक्यावर शिल्लक असते जी समुद्राच्या बाजूला त्याच उंचीच्या खाली राहिलेली असते, आणि तेथे जमिनीकडचा दाब समुद्राकडच्या दाबापेक्षा दीड-पावणेदोन हेक्टोपास्कलने जास्त भरतो. वर उष्ण बाजूला दाब जास्त आणि थंड बाजूला कमी, अशी स्थिती आली की वरची हवा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागते. जमिनीवरील स्तंभातून हवा निघून गेली, म्हणजे तिचे वजन घटले, आणि तेव्हा कोठे जमिनीवरचा दाब उतरतो. मग समुद्रावरची तुलनेने गार हवा खालून आत शिरते, तिलाच खारे वारे म्हणतात. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते, चक्र उलटे फिरते आणि पहाटे मतलई वारे समुद्राकडे वाहतात, ज्यांच्या आधाराने शिडाच्या होड्या मासेमारीला बाहेर पडत असत.

उष्ण स्तंभ उंच आणि थंड स्तंभ बुटका असतो, ही गोष्ट मोठ्या प्रमाणावरही तितकीच खरी आहे. दाब १००० हेक्टोपास्कल असलेल्या पातळीपासून ५०० हेक्टोपास्कलच्या पातळीपर्यंत जाण्यासाठी, मधल्या हवेचे सरासरी तापमान शून्य अंश सेल्सिअस असेल तर, सुमारे ५,५४० मीटर चढावे लागते. सरासरी तापमानातील प्रत्येक अंशामागे ही जाडी सुमारे २० मीटरने बदलते. म्हणजे उणे २० अंशांच्या हवेत ५,१३० मीटरांवरच दाब निम्मा होतो, तर १० अंशांच्या हवेत तो निम्मा व्हायला ५,७४० मीटर लागतात. थंड हवेत दाब उंचीबरोबर लवकर उतरतो आणि उष्ण हवेत सावकाश उतरतो, हा या नात्याचा गाभा आहे. जमिनीवर कमी दाब असलेल्या उष्ण प्रदेशाच्या वर, आकाशात उंच, जास्त दाब आढळतो त्याचेही कारण हेच.

दाब बदलला की तापमान बदलते

आतापर्यंत तापमान कारण आणि दाब परिणाम असा विचार झाला, परंतु हे नाते उलट्या दिशेनेही चालते. हवा चटकन दाबली की तिच्यावर केलेले काम तिच्या रेणूंच्या गतीत जमा होते आणि ती तापते. ती पसरू दिली की पसरण्याचे काम करण्यासाठी तिला स्वतःचीच ऊर्जा खर्चावी लागते आणि ती थंड होते. बाहेरून उष्णता येण्याची किंवा बाहेर जाण्याची मुळीच गरज नसते. सायकलच्या पंपाने जोरात हवा भरताना पंपाचे खालचे टोक तापते, ते मुख्यतः याच कारणाने. रुडॉल्फ डिझेल याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ज्या इंजिनाची रचना केली त्याचा सारा भर याच गुणधर्मावर आहे : सिलिंडरमधील हवा तिच्या मूळ आकारमानाच्या सोळाव्या ते विसाव्या हिश्शाएवढी दाबली जाते, तिचे तापमान ५०० अंशांच्या वर जाते, आणि त्यात फवारलेले इंधन ठिणगीवाचून पेट घेते. पुण्यात १९४६ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कंपनीने बनवलेली आणि महाराष्ट्रातील विहिरींवर पाणी उपसणारी इंजिने याच तत्त्वावर चालत आली आहेत.

निसर्गात हेच काम डोंगर करतात. जमिनीलगतची हवा वर ढकलली गेली की तिच्यावरचा दाब कमी होतो, ती पसरते आणि दर हजार मीटरांमागे ९.८ अंशांनी थंड होते. उंच ठिकाणे सूर्याच्या जवळ असूनही थंड का असतात, या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर येथे सापडते : वातावरण मुख्यतः जमिनीकडून, म्हणजे खालून, तापते, आणि वर जाणारी हवा पसरल्यामुळे निवते. हवेत बाष्प पुरेसे असेल तर काही उंचीवर त्याचे सांद्रीभवन सुरू होते, म्हणजे बाष्पाचे सूक्ष्म जलकण बनतात, आणि बाष्पात साठलेला अप्रकट उष्मा मोकळा होतो. त्यामुळे पुढचे थंड होणे मंदावते आणि उष्ण, दमट हवेत ते दर हजार मीटरांमागे ४ ते ६ अंशांवर येते. अरबी समुद्रावरून आलेली पावसाळी हवा सह्याद्रीच्या कड्याशी हजार-बाराशे मीटर चढते तेव्हा नेमके हेच घडते. चढताना तिच्यातील पाणी महाबळेश्वरासारख्या घाटमाथ्यावर वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पावसाच्या रूपाने पडते. माथा ओलांडल्यावर हवा खाली उतरू लागते, दाब वाढतो, ती आकुंचन पावून तापते, उरलेले ढग विरतात, आणि त्याच सातारा जिल्ह्यातील माण-खटावचा मुलूख पर्जन्यछायेत राहतो, जेथे पाऊस घाटमाथ्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढा पडतो.

मोसमी वाऱ्यांचा प्रश्न

जमीन आणि समुद्र यांच्या तापण्यातील फरकामुळे मोसमी वारे निर्माण होतात, ही कल्पना एडमंड हॅली या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने १६८६ मध्ये मांडली. उन्हाळ्यात पाकिस्तान आणि राजस्थानच्या वाळवंटी भागावर तीव्र कमी दाबाचे क्षेत्र तयार होते, तर दक्षिण हिंदी महासागरात, मस्कारीन बेटांच्या परिसरात, जास्त दाबाचे क्षेत्र असते. या दोहोंमधील फरकामुळे वारे विषुववृत्त ओलांडून येतात, पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे वळतात आणि नैर्ऋत्य मोसमी वारे म्हणून भारतात पोहोचतात. हिवाळ्यात आशिया खंडाचा अंतर्भाग गोठतो, सैबेरियावर जड, थंड हवेचे दाट आवरण तयार होते आणि तेथील दाब कित्येक आठवडे १०३० हेक्टोपास्कलच्या वर राहतो. सैबेरियातील अगाटा या ठिकाणी ३१ डिसेंबर १९६८ रोजी नोंदलेला १०८३.८ हेक्टोपास्कल हा दाब, समुद्रसपाटीच्या हिशोबाने, जगातील सर्वोच्च नोंदींपैकी एक आहे.

तथापि मोसमी पावसाला केवळ खाऱ्या वाऱ्यांची मोठी आवृत्ती मानणे पुरेसे नाही, हे नंतरच्या संशोधनाने दाखवून दिले. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, पण मोसमी पाऊस तेव्हा नसतो. जुलैत पावसाने जमीन बरीच निवलेली असते, आणि तरीही मोसमी प्रवाह ऐन जोरात असतो. शिवाय पाऊस कमी पडणाऱ्या वर्षी जमीन अधिक तापते, म्हणजे जमिनीच्या तापण्याने पाऊस वाढायला हवा होता त्याच्या नेमके उलट दिसते. मूळच्या पुण्याच्या आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत दीर्घकाळ काम केलेल्या सुलोचना गाडगीळ यांनी या मुद्द्यांवर भर देऊन अशी मांडणी केली की भारतीय मोसमी पाऊस म्हणजे विषुववृत्ताजवळ दोन्ही गोलार्धांतील वारे एकत्र येऊन वर चढण्याचा जो पट्टा असतो, त्याचे उन्हाळ्यात उत्तरेकडे सरकणे होय. या मांडणीतही दाब आणि तापमान यांचे नाते कायम राहते, मात्र निर्णायक ठरते ते जमिनीचे तापमान नसून वातावरणाच्या संपूर्ण स्तंभाचे तापमान, आणि हा स्तंभ तापवण्याचे मोठे काम ढगांत मोकळा होणारा अप्रकट उष्मा करतो.

संपूर्ण स्तंभ तापल्याचा पुरावा आकाशात उंच मिळतो. पावसाळ्यात तिबेटच्या पठारावर आणि उत्तर भारतावर वातावरण इतके तापते की बारा-पंधरा किलोमीटर उंचीवर तेथे जास्त दाबाचे विशाल क्षेत्र बनते, आणि त्याच्या दक्षिणेला, भारतीय द्वीपकल्पावरून, पूर्वेकडून पश्चिमेकडे वेगवान झोतवारा वाहतो. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये या झोतवाऱ्याची मांडणी केली. खाली कमी दाब आणि वर जास्त दाब, ही खाऱ्या वाऱ्यांत एक किलोमीटरच्या आत दिसणारी रचना येथे खंडाएवढ्या विस्तारात उभी राहते.

चक्रीवादळात हीच रचना सर्वांत उग्र रूप धारण करते. समुद्राच्या कोमट पाण्यावरून उचललेल्या बाष्पाचे ढगांत सांद्रीभवन होते, मोकळ्या झालेल्या उष्म्याने वादळाचा मध्य भोवतालच्या हवेपेक्षा उष्ण होतो, वरच्या थरांतून हवा बाहेर फेकली जाते आणि समुद्रपृष्ठावरचा दाब कोसळतो. ओडिशाच्या किनाऱ्यावर २९ ऑक्टोबर १९९९ रोजी धडकलेल्या महाचक्रीवादळाच्या केंद्रातील दाब ९१२ हेक्टोपास्कलपर्यंत उतरला होता, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवरील सुमारे एक हजार किलोग्रॅम हवा तेथून नाहीशी झाली होती.

नात्याच्या मर्यादा

उष्ण तेथे कमी दाब आणि थंड तेथे जास्त दाब हा नियम सरसकट लावता येत नाही. दोन्ही गोलार्धांत ३० अक्षांशांच्या आसपास जास्त दाबाचे पट्टे वर्षभर टिकून असतात, आणि तेथील हवा थंड नसते. विषुववृत्तावरून वर गेलेली हवा तेथे एकत्र येऊन खाली उतरते, तिच्या भाराने दाब वाढतो, आणि उतरताना आकुंचन पावल्यामुळे ती उलट तापते व कोरडी होते. जगातील अनेक मोठी वाळवंटे या पट्ट्यांत आहेत ती याच कारणाने. येथे दाब ठरतो तो हवेच्या प्रवाहाने. त्या जागेच्या उष्णतेचा त्यात थेट वाटा नसतो.

दुसरी मर्यादा रोजच्या नोंदींतच दडलेली आहे. महाराष्ट्रासारख्या उष्ण कटिबंधातील प्रदेशात शांत हवामानाच्या दिवशी दाब सकाळी दहाच्या आणि रात्री दहाच्या सुमारास सर्वांत जास्त असतो, तर दुपारी चारच्या आणि पहाटे चारच्या सुमारास सर्वांत कमी. हा चढउतार काही हेक्टोपास्कलचाच असला तरी घड्याळासारखा नियमित असतो. दुपारची घसरण उन्हाने सांगता येईल, पण पहाटेची, जेव्हा हवा दिवसातील सर्वांत थंड असते तेव्हाची, घसरण स्थानिक तापमानाने सांगता येत नाही. तिचे कारण उंचावर आहे : ओझोन आणि बाष्प सूर्यप्रकाश शोषून घेतात, त्यामुळे संपूर्ण वातावरणात दिवसातून दोनदा भरती-ओहोटीसारखी लाट उठते आणि सूर्याबरोबर पृथ्वीभोवती फिरते. म्हणून दुपारी पारा दोन हेक्टोपास्कलने उतरला एवढ्यावरून वादळाची शंका घेणे चुकीचे ठरते.

तिसरी गोष्ट उंचीची. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्यामुळे तेथे दाब ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो, तर मुंबईत तो हजाराच्या वर असतो. हे आकडे तसेच नकाशावर मांडले तर समदाब रेषा, म्हणजे सारखा दाब असलेली ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, हवामानाऐवजी डोंगरांचाच आराखडा दाखवतील. त्यासाठी हवामान खाते प्रत्येक ठिकाणचा दाब समुद्रसपाटीला आणून मांडते, म्हणजे त्या ठिकाणाखाली समुद्रापर्यंत हवाच आहे असे समजून तिचे वजन मिळवते. हे वजन काढताना तापमान लागतेच, कारण थंड हवा जड असते. पुण्याच्या बाबतीत त्या कल्पित हवेच्या तापमानात १५ अंशांचा फरक पडला तर उत्तरात सुमारे ३ हेक्टोपास्कलचा फरक पडतो. भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आले आणि तेथील इमारतीला आजही सिमला ऑफिस म्हणतात. त्या काळापासून आजच्या संगणकीय नकाशांपर्यंत ही दुरुस्ती दैनंदिन कामाचा भाग राहिली आहे.

दाब आणि तापमान यांचा एकत्रित हिशोब चुकल्यास काय होऊ शकते, याची जाणीव विमानचालनात सर्वांत तीव्र असते. लेहचा विमानतळ सुमारे ३,२५० मीटर उंचीवर असून तेथे दाब ६८० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. तापमान १० अंश असताना तेथील हवेची घनता समुद्रसपाटीवरील प्रमाण घनतेच्या सुमारे ६८ टक्के भरते. उन्हाळ्याच्या दुपारी ते ३० अंशांवर गेले की, दाब तेवढाच असूनही, ती ६४ टक्क्यांवर येते. पंखांना मिळणारी उचल आणि इंजिनांना मिळणारी हवा घनतेवर अवलंबून असल्यामुळे विमानाला उड्डाणासाठी अधिक लांब धाव घ्यावी लागते किंवा वजन कमी करावे लागते. दुपारी सुटणाऱ्या वाऱ्यांच्या जोडीने हेही एक कारण आहे, ज्यामुळे लेहची प्रवासी उड्डाणे प्रामुख्याने सकाळी होतात.

या सर्व उदाहरणांवरून एक गोष्ट स्पष्ट होते : दाब आणि तापमान यांच्यामध्ये घनता ही तिसरी राशी नेहमी उभी असते, आणि तिचा विचार केल्याशिवाय पहिल्या दोहोंबद्दल केलेले विधान अर्धवट राहते. घनता कोंडलेली असेल तर तापमानाबरोबर दाब वाढतो. ती मोकळी असेल तर हवा पसरते, वरून निघून जाते आणि खाली दाब उतरतो. आणि बाहेरून उष्णता न मिळता हवा पसरली किंवा दबली तर तापमानच दाबाच्या मागे जाते. हल्ली अनेक मोबाइल फोनमध्ये दाब मोजणारा संवेदक असतो, त्यामुळे हे पडताळणे कोणालाही शक्य आहे. वाचकाने महिनाभर रोज सकाळी दहा वाजता आणि दुपारी चार वाजता आपल्या गावचा दाब व तापमान वहीत लिहून ठेवावे, प्रत्येक नोंदीपुढे वेळ आणि ठिकाणाची उंची न विसरता लिहावी, आणि मग नियम कोठे लागू पडतो व कोठे पडत नाही याचा निवाडा आपल्याच आकड्यांवरून करावा.